अळीच्या पाठीवरची ढाल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सज्जनहो, अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत पृथ्वी आणि समुद्र आहेत, तशीच मधमाशी, कोळी आणि कुंभारीण माशीही आहे. एवढ्याशा जिवापाशी शिकायला अवधूतांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

आमच्या जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या काठी बेशरमाची झुडपं माजतात. गेल्या श्रावणात नातवाला घेऊन तिकडं गेलो, तर एका पानावर अळ्या दिसल्या. पाठीवर काळपट कचरा. नातू म्हणाला, "आजोबा, किती घाण!" वाकून पाहिलं. कासवासारख्या पाठीच्या भुंगेऱ्याची ती पिल्लं. या अळीच्या शेपटाला दोन टोकांचा काटा असतो. वाढताना टाकलेली कात ती फेकत नाही, त्या काट्यावर साठवते. यांच्यातल्या कित्येक जाती तर विष्ठाही साठवतात. मुंगळा अंगावर आला की शेपूट उचलायचं आणि ती ढाल त्याच्याकडं फिरवायची!

मी तिथंच थबकलो. तरुणपणी मला मटक्याचा नाद होता. हिच्या पाटल्या त्यात गेल्या. चोरीला गेल्या, असं घरात सांगितलं. पुढं नाद सुटला, पण ती गोष्ट चाळीस वर्षं झाकून ठेवली. अन् त्याच महिन्यात थोरला मुलगा मोबाईलवर पैसे लावून रमी खेळतो, हे कानावर आलं होतं. कुठल्या तोंडानं त्याला बोलू?

त्या रात्री महाराजांपुढं दिवा लावला, मुलाला बसवलं आणि पाटल्यांची खरी गोष्ट सांगितली. ही दाराशी उभी होती, काही बोलली नाही. मुलगा बराच वेळ खाली बघत राहिला. मग मोबाईल माझ्या हाती देत म्हणाला, "बाबा, देणं किती झालंय ते सांगतो."

सज्जनहो, झालेली चूक मिरवू नये, पण टाकूनही देऊ नये. मोह जिकडून येईल तिकडं ती फिरवावी, पोराबाळांसाठी आडवी धरावी. अळीला पंख फुटले की ओझं मागं राहतं, भुंगेरा मोकळा उडतो. आपलं ओझं कधी उतरवायचं, ते महाराज जाणतात.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!