थांबतंय कोण?

(संवाद कल्पित आहे. त्यातले प्रोसेसर, आकडे आणि सालं मात्र खरी.)

हैदराबादच्या नारायणगुड्यातली जुनी दुमजली इमारत. खाली बिऱ्हाड, वर भाच्याचं चार माणसांचं ऑफिस. आत्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. भाचा पावसाचं पाणी आणि नाले यांची गणितं करून देतो. या भागाला मराठी नवी नाही. केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल शाळा 1940 पासून इथे आहे, त्याच संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेजही इथेच, आणि भाच्याकडची दोन मुलं तिथूनच शिकून आलेली.

आत्या : कोटेशनचे हे दोन कागद किती दिवस फिरवतोयस? कडा मऊ पडल्या त्यांच्या.

भाचा : पार्क लेनला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये जाऊन आणलेत. एक थ्रेडरिपर प्रो 7975डब्ल्यूएक्स, दुसरा एपिक 9354. दोन्ही एएमडीचे, दोन्हींत बत्तीस कोअर, आणि कोअरही एकाच झेन 4 घडणीचे. पहिला टेबलाखाली ठेवायच्या वर्कस्टेशनसाठी, दुसरा सर्व्हरसाठी.

आत्या : घराणं एक, कोअर तेवढेच. मग अडलं कुठे?

भाचा : पहिला पळतो. 4 गिगाहर्ट्झ हा त्याचा मूळ वेग, आणि एखाद्याच कोअरवर भार असला तर 5.3 पर्यंत चढतो. दुसऱ्याचा मूळ वेग 3.25, फार तर 3.8. पण दुसऱ्याला मेमरीचे बारा चॅनेल आहेत, पहिल्याला आठ. पहिल्याची वीज 350 वॉट, दुसऱ्याची 280. बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत 3,899 डॉलर होती, दुसऱ्याची 3,420. जीएसटी अठरा टक्के. तेवढ्यापुरते दोघे सारखे.

आत्या : चॅनेलचं काय एवढं?

भाचा : लग्नघरी बत्तीस आचारी बसवले आणि कोठीघराला दार एकच ठेवलं, तर आचारी पळी धरून नुसते उभे राहतील. आमचं काम तसंच आहे. हुसेनसागरचा सांडवा अशोकनगरकडून मुशीकडे जातो ना, तसल्या नाल्याचे आम्ही लाखो बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यातला पाण्याचा वेग, दाब काढतो. एका तुकड्यावरचं गणित थोडंसंच, पण आकडे मेमरीतून आणायचे आणि परत ठेवायचे, हे अखंड चालतं. कागदावर पहिला सेकंदाला सुमारे 333 गिगाबाइट आणू शकतो, दुसरा सुमारे 461. प्रत्यक्षात फरक त्याहून मोठा, कारण पहिल्यात कोअर चार चिपलेटांवर बसवलेत आणि दुसऱ्यात आठ. चारच चिपलेट असले की आठ चॅनेलांतून येणारा माल आत पोचवायलाच वाट अपुरी पडते. कॅशसुद्धा पहिल्याकडे 128 मेगाबाइट, दुसऱ्याकडे 256.

आत्या : मग घे की दुसरा. यात कूट कसलं?

भाचा : ते रात्रीचं काम झालं. दिवसा सर्व्हेचा नकाशा येतो, त्यात भिंती तुटलेल्या, पुलाचा खांब हवेत लटकलेला. तो साफ करायचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालतं. तिथे बाकीचे एकतीस कोअर आणि बारा चॅनेल शोभेचे. तिथे लागतो तो 5.3. जीन अ‍ॅमडालने 1967 साली हेच मांडलं. कामातला दहा टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर बत्तीस कोअरवर ते काम 7.8 पट वेगाने होतं. तिप्पट पैसे मोजून शहाण्णव कोअर घे, तरी 9.1 पटच. आणि कोअर हजार लावले तरी दहापट काही गाठता येत नाही.

आत्या : म्हणजे जे वाटून देता येत नाही, ते सगळ्यांना धरून ठेवतं. बरं, आणि हे बेंचमार्कचे गठ्ठे कशाला छापून आणलेस?

भाचा : कोण सरस ते कळावं म्हणून.

आत्या : न्यायवाले ज्ञानाची चार प्रमाणं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. मघाशी तू चॅनेल मोजून गुणाकार केलास, ते अनुमान. हे गठ्ठे म्हणजे शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तर; त्याला ते माहीत हवं आणि तुला फसवण्यात त्याचा फायदा नको. इथे सांगणारा कोण आहे?

भाचा : ‘स्पेक’ नावाची संस्था आहे, 1988 पासूनची. तिच्या चाचण्या सगळे मानतात. पण 2024 साली तिनेच आपल्या सीपीयू चाचणीचे 2,600 हून जास्त निकाल बाद ठरवले. इंटेलच्या कंपायलरने त्यातल्या एका उपचाचणीचा कोड आणि डेटा आधीच लक्षात घेऊन खास सुधारणा केली होती, ती इतर कामांना फारशी उपयोगी नव्हती.

आत्या : पेपर आधी फोडून पहिला आलेला विद्यार्थी. असले मीही पाहिलेत. पण ते सोड. समज, सगळे निकाल प्रामाणिक आहेत. तरी कोण सरस हे ठरतं का?

भाचा : का नाही ठरणार?

आत्या : तूच मागे सांगत होतास त्या अमेरिकन आणि जपानी महासंगणकांचं.

भाचा : हौ, फ्रंटियर आणि फुगाकू. 2022 साली फ्रंटियर जगात पहिला आला. लिनपॅक चाचणीत त्याचे 1.1 एक्झाफ्लॉप, फुगाकूचे 0.44. पण एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी आहे, ती मेमरीला घाम फोडते. आमच्या पाण्याच्या गणिताशी तिचं जवळचं नातं. त्यात फुगाकू 16 पेटाफ्लॉप आणि फ्रंटियर 14. क्रम उलटा झाला. शिवाय लिनपॅकमधल्या आपल्याच आकड्याचा जेमतेम ऐंशीवा हिस्सा काय तो फ्रंटियरच्या हाती आला.

आत्या : मग ‘सरस’ ही गोष्ट यंत्रात कुठे राहते ते दाखव. क्लॉक यंत्रात आहे, चॅनेल यंत्रात आहेत. सरसपणा यंत्रात नाही, तो यंत्र आणि काम यांच्या जोडीत आहे. घटात घटत्व असतं तसा प्रोसेसरात श्रेष्ठत्व हा गुण नसतो. तू नसलेला गुण शोधतोयस, म्हणून सापडत नाही.

भाचा : ठीक. पण माझी कामं दोन आहेत आणि पैसे एकाच पेटीपुरते. दिवसाचं काम पहिल्याचं, रात्रीचं दुसऱ्याचं. दोन कामांना एका मापात कसं आणू? तास मोजू?

आत्या : तासच मोजायचे तर कुणाचे, ते आधी सांग. दिवसा यंत्र अडतं तेव्हा थांबतं कोण?

भाचा : नकाशे साफ करणारी मुलगी. एक रेष हलवली की पडदा थिजतो. पुन्हा हलवली, पुन्हा थिजतो.

आत्या : आणि रात्री?

भाचा : रात्री... कुणीच नाही. संध्याकाळी गणित लावून शटर ओढतो, सकाळी येऊन बघतो.

आत्या : समज, एपिकवर ते पहाटे तीनला संपलं आणि थ्रेडरिपरवर सहाला. तू येतोस दहाला.

(भाचा गप्प. इथे लेखकाला सांगावंसं वाटतं की आकडे घेऊन भांडणाऱ्या बहुतेकांचं इथेच होतं. ज्या आकड्यासाठी ते जीव टाकतात, तो असतो कुणी वाट पाहत नसलेल्या वेळेतला.)

भाचा : म्हणजे सगळा हिशोब थ्रेडरिपरच्या बाजूला गेला. तीन तास वाचले, पण कुणाचेच नाही वाचले.

आत्या : घाई नक्को. थांबणारी माणसं ऑफिसातच असतात असं कुणी सांगितलं? ते तीन तास रिकामे पडले तर त्यात तू काय केलं असतंस?

भाचा : आणखी एक गणित लावलं असतं. सध्या आम्ही एका नाल्यासाठी पावसाचे मोजकेच प्रकार तपासून देतो. तासाभरात एवढा पडला तर, दोन तासांत पडला तर. गाळ किती साचलाय याचे प्रकार तर वेळेअभावी सोडूनच देतो. ऑक्टोबर 2020 च्या पावसात शहरात पाणी नको तिथे शिरलं, तेव्हा मला वाटलं होतं की असली आणखी गणितं आधीच कुणी लावलेली हवी होती.

आत्या : तर मग नाल्याकाठी राहणारा माणूसही तुझ्या यंत्रासाठी थांबलाय. त्याला ते ठाऊक नाही, तो पडद्यासमोर बसलेला नाही, तक्रारही करणार नाही. म्हणून तुझ्या वहीत त्याचा थांबा शून्य लागला. मुलीचा वैताग तुला रोज दिसतो, म्हणून तो मोठा लागला.

भाचा : हे जरा भारी होतंय, आत्या. मी प्रोसेसर घेतोय, धरण बांधत नाही. विश्वेश्वरय्या 1909 साली इथे आले ते 1908 च्या मुशीच्या पुरानंतर. त्यांनी कागद-पेन्सिलीवर गणित केलं आणि त्यातून उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. त्यांना कुठे बारा चॅनेल होते?

आत्या : नव्हते, म्हणून त्यांना हा प्रश्न पडला नाही. तुझ्या हाती आहेत, म्हणून तुला पडला. साधन आलं की त्याच्याबरोबर जबाबदारीही येते. तरी तुझं अर्धं खरं आहे. दूरच्या माणसाचं नाव घेऊन जवळच्या माणसाला रोज छळायचं, हेही मला पटत नाही. ती मुलगी कंटाळून नोकरी सोडून गेली तर नाल्याचं गणित करणार कोण?

भाचा : म्हणजे फिरून तिथेच आलो.

आत्या : दोनच पर्याय आहेत, हे कुणी ठरवलं? पुण्याच्या परम संगणकाची गोष्ट तुझ्या वडिलांनी मला शंभरदा ऐकवली असेल.

भाचा : 1988 ला सी-डॅक निघाली. अमेरिका मोठे क्रे संगणक सहज देत नव्हती. एक दांडगा प्रोसेसर मिळेना, म्हणून विजय भटकरांच्या चमूने इनमॉसचे टी800 ट्रान्सप्युटर घेतले. एकेकटा साधाच, पण अनेक जोडून एकत्र राबवायचे. 1991 मध्ये परम 8000 तयार झाला.

आत्या : त्यांनी ‘हा की तो’ असा प्रश्न सोडवलाच नाही. प्रश्नाचा आकार बदलला. तू मघाशी म्हणालास, पैसे एकाच पेटीपुरते. एकच पेटी हवी ही अट कामाची, की दुकानदाराच्या कोटेशनची?

भाचा : (जरा वेळाने) कोटेशनची. मुलीच्या कामाला बत्तीस कोअर लागतच नाहीत. साधा डेस्कटॉपवाला रायझन 9 7950एक्स 5.7 गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे थ्रेडरिपरच्याही वर. बाजारात आला तेव्हा 699 डॉलरला होता. तो तिच्या टेबलावर, आणि एपिक मागच्या खोलीत. सर्व्हरचे पंखे असेही कुणाच्या शेजारी ठेवण्यासारखे नसतात.

आत्या : माझ्या झोपायच्या खोलीवर ती मागची खोली येते, तेवढं लक्षात ठेव. सुटलं ना मग?

भाचा : नाही सुटलं. 2025 च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढलेत. एपिकचे बाराही चॅनेल चालायचे तर बाराही खणांत रॅम हवी. डेस्कटॉपला पैसे गेले की मोह होणार : सध्या सहाच पट्ट्या घालू, उरलेल्या पुढच्या वर्षी. आणि सहा घातल्या की चॅनेल सहाच. त्यापेक्षा थ्रेडरिपरचे आठ बरे. लोक हीच चूक करतात. प्रोसेसर वरचा घेतात आणि अर्धे खण रिकामे ठेवतात. माझंही बजेट तिथेच फाटतंय.

आत्या : मग कशावर पाणी सोडतोस?

भाचा : ग्राफिक्स कार्डावर. ते यंदा नको. आणि रॅमच्या पट्ट्या बारा, पण सोळा-सोळा गिगाबाइटच्याच. 192 होतात. आमच्या आत्ताच्या नाल्यांना पुरतात. सगळ्या मुशीचं एकत्र गणित मागितलं कुणी तर नाही पुरणार.

आत्या : ते काम आलं तर?

भाचा : भाड्याने यंत्र घेईन किंवा नाही म्हणेन. आणखी एक गोष्ट उरलीय. एपिकची पाचवी पिढी ऑक्टोबर 2024 मध्ये आली, थ्रेडरिपर 9000 जुलै 2025 मध्ये. नवा घ्यावा का, की आणखी थांबावं?

आत्या : थांबण्याचं काय बोलणं झालं आत्ता? तू थांबलास तर तुझ्याबरोबर कोण कोण थांबतं, ते मोज. आणि तुझं अनुमान मला पटलं तरी ते अनुमानच आहे. प्रत्यक्ष बाकी आहे.

भाचा : क्लाउडवर चौथ्या पिढीचे एपिक तासावर भाड्याने मिळतात. आमचं स्वतःचं नाल्याचं गणित तिथे एक रात्र चालवून बघतो. सॉफ्टवेअर ओपनफोम आहे, कोअरमागे लायसन्स मागणारं नाही. म्हणून ते सोपं. लायसन्सवालं असतं तर प्रोसेसरपेक्षा त्याचाच हिशोब आधी करावा लागला असता.

आत्या : आणि मुलीला विचारलंस?

भाचा : काय?

आत्या : ती कशावर अडते ते. तू ‘पडदा थिजतो’ म्हणतोस, ते तू तिच्या खांद्यावरून पाहिलंयस.

त्याने विचारलं. तिचं म्हणणं निघालं की पडदा थिजतो त्याचा त्रास आहेच, पण त्याहून जास्त वेळ सर्व्हेच्या जड फायली जुन्या हार्ड डिस्कवरून उघडण्यात जातो. नव्या ऑर्डरमध्ये एपिक 9354, रॅमच्या बारा पट्ट्या आणि एक साधा डेस्कटॉप आहे. त्या डेस्कटॉपच्या ओळीखाली दोन टेराबाइटचा एनव्हीएमई एसएसडी हाताने वाढवलेला आहे.