नाव झाकलेली कविता

केंब्रिज विद्यापीठात १९२०च्या दशकात आय. ए. रिचर्ड्‌स यांनी एक साधा प्रयोग केला. वर्गात कवितांचे छापील कागद वाटले. कवीचे नाव कोठेच नव्हते. आठवडाभर वाचून विद्यार्थ्यांनी मत लिहून द्यायचे. डन, हॉपकिन्स यांच्या कविता कित्येकांनी मोडीत काढल्या आणि एका सामान्य कवीला डोक्यावर घेतले. १९२९ साली ही हकिकत ग्रंथरूपाने आली. समीक्षेचे प्राथमिक धडे देताना ती आजही सांगितली जाते.

त्या विद्यार्थ्यांना हसणे सोपे आहे. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मला हा ग्रंथ उशिरा भेटला, आणि आठवला तो निबंधांच्या वह्यांचा गठ्ठा. हुशार मुलाचे डौलदार वाक्य मला भाषाप्रभुत्व वाटे. मागल्या बाकावरच्याचे तसलेच वाक्य उचललेले. एकदा तसा शेराही मारला. मुलगा काही बोलला नाही. पुढे त्याने मनापासून एकही निबंध लिहिला नाही.

मग मी नावे झाकून वह्या तपासू लागलो. तेव्हा निराळीच फजिती झाली. नावाचा आधार गेल्यावर स्वतःचे मत सापडेना! केंब्रिजची मुलेही तेथेच अडखळली असतील. नाव झाकल्याने न्याय आपोआप होत नाही. निमूटपणे वाचावे मात्र लागते. त्या मुलाची वही मी तेवढी तरी वाचायला हवी होती.

वाचकहो, हा अंक हाती येताच आपण आधी अनुक्रमणिकेतील नावेच पाहिली असतील. मीही तेच करतो.