शीव, भेद आणि मळमड्डी

विज्ञानकथांच्या विश्वात एक स्थळ वारंवार भेटते: दोन बलाढ्य साम्राज्यांच्या मधोमध सापडलेली एखाद्या ताऱ्याची ग्रहमाला, जिच्यावर दोघेही हक्क सांगतात, जिच्या वाटेला जायला व्यापारी जहाजे कचरतात, आणि जिच्या ग्रहांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांची कैफियत ऐकून घेण्याची तसदी दोहोंपैकी एकाही दरबाराने घेतलेली नसते. असल्या कथा वाचताना मराठी वाचकाला अंतराळात जाण्याचे कारण पडू नये. प्रत्यक्ष अंतराळाच्या बाबतीत मनुष्यजातीने या तंट्याची वाट आधीच बंद केली आहे. १९६७ च्या जानेवारीत राष्ट्रांच्या सह्यांसाठी खुल्या झालेल्या बाह्य अवकाशाच्या कराराने असे ठरवून टाकले, की चंद्रावर वा इतर खगोलांवर कोणत्याही राष्ट्राला वहिवाटीने, कब्जाने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने मालकी सांगता येणार नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने आपला निवाडा सादर केला, की सीमेवरच्या वादग्रस्त मुलुखापैकी २६४ गावे महाराष्ट्राकडे आणि २४७ गावे म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे, जावीत. आकाशाची वाटणी करायची नाही, असे ज्या वर्षी ठरले त्याच वर्षी नंदगड आणि निपाणी कोणाची, याचा हिशोब छापला गेला, आणि तो हिशोब महाराष्ट्राने मानला नाही.

या तंट्याचा करीना वाचकांना पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात. राज्य पुनर्रचनेच्या योजनेत बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हे दिसू लागताच तेथे जो उद्रेक झाला, त्यात १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात माणसे बळी गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्याचे बेळगाव (चंदगड तालुका वगळून), विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूरच्या अंमलाखाली गेले. पुढे खेडे हा घटक धरून महाराष्ट्राने ८१४ गावांवर दावा मांडला. १९६६ साली सेनापती बापटांनी वृद्धापकाळी या प्रश्नासाठी अन्नत्याग केला. आणि २००४ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले. या साऱ्या कागदपत्रांत ज्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ती अशी, की धारवाड शहर त्या ८१४ मध्ये कधीच नव्हते. धारवाडच्या रेल्वे स्टेशनालगतची मळमड्डी, जिथे मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, ती कोणत्याही वादाच्या नकाशावर रंगवली गेली नाही. मराठी माणूस आहे, मराठीचा दावा मात्र नाही, अशी ही जागा. आणि तत्त्वचिंतकाला बेळगावपेक्षा ती अधिक उपयोगाची वाटावी असे मला वाटते, कारण भेद आणि हद्द या दोन गोष्टी जिथे एकमेकींपासून सुट्या करून पाहता येतात, अशी स्थळे फार थोडी.

सरहद्दीवरच्या माणसाला तत्त्वज्ञानाच्या नावाने बहुधा एकच सांत्वन दिले जाते, ते म्हणजे भेद हा भ्रम आहे. घटाने आकाश विभागले जात नाही, तशी रेषेने भूमी विभागली जात नाही. भाषा ही केवळ उपाधी. आतला माणूस एकच. पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवरून आणि बंगळूरच्याही व्यासपीठांवरून हे अद्वैत किती सहजतेने वाटले जाते ते आपण पाहिलेच आहे. मला त्यात एक निर्दयता दिसते. ज्याच्या मुलाची शाळा बंद पडली, ज्याच्या दुकानाची पाटी उतरवली गेली, ज्याच्या सात-बाराचा उतारा त्याला वाचता येत नाही, त्याला तुझे दुःख उपाधीचे आहे असे सांगणे हे बरोबर असले तरी उपयोगाचे नाही; आणि ते सांगणारा स्वतःच्या भाषेत निर्वेध नांदत असला म्हणजे ते बरोबर तरी आहे काय, अशी शंका येऊ लागते.

योगायोग असा, की मळमड्डीत या अद्वैताचा प्रतिवाद करणारी परंपरा घराघरांत आहे. राघवेंद्रस्वामींचा मठ हे या वस्तीचे केंद्रस्थान. आणि राघवेंद्रस्वामींनी ज्या ‘न्यायसुधे’वर ‘परिमळ’ ही टीका लिहिली, तिचे कर्ते जयतीर्थ हे परंपरेने मंगळवेढ्याचे मानले जातात. म्हणजे तेराव्या शतकात उडुपीच्या बाजूला मध्वाचार्यांनी मांडलेल्या द्वैतमताचा सर्वांत समर्थ भाष्यकार ज्या गावचा सांगितला जातो ते गाव पंढरपूरच्या शेजारचे. आणि त्याच मतातल्या हरिदासांनी आपल्या कानडी पदांच्या शेवटी मुद्रा घातली ती विठ्ठलाची. या मताचा गाभा असा, की भेद खरा आहे. जीव आणि ईश्वर, जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि ईश्वर, जड आणि जड, हे पाचही भेद सत्य आहेत आणि मुक्तीतही ते पुसले जात नाहीत. परंतु त्याहून सूक्ष्म आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट पुढची. भेद म्हणजे दोन वस्तूंच्या मध्ये उभी असलेली कोणी तिसरी वस्तू नव्हे. भेद हे त्या त्या वस्तूचे स्वरूपच आहे. घट हा पटाहून निराळा असतो तो त्या दोघांमध्ये कुंपण असते म्हणून नव्हे, तर घट घट असतो एवढ्यानेच.

हा विचार सरहद्दीच्या प्रश्नाला लावून पाहिला तर बराच उजेड पडतो. निराळेपण वस्तूच्या स्वरूपात असेल तर त्याला टिकण्यासाठी रेषेची गरज नाही. याचा दाखला धारवाडनेच दिला आहे. घरी मराठी असलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे या गावी कन्नडचे महाकवी झाले, मधली बारा वर्षे सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवून परत आले, आणि मराठीतही लिहीत राहिले. आणि याच गावच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, सभोवार कानडी ऐकत, जी. ए. कुलकर्णींनी तीसेक वर्षे राहून मराठी कथेला जे दिले ते महाराष्ट्रात बसून कोणाला देता आले नाही. या दोघांच्या मध्ये कोणी शीव आखली असती तर ती नेमकी कुठून गेली असती, हे कोणत्याही आयोगाला सांगता येणार नाही. तरी बेंद्रे बेंद्रे होते आणि जी. ए. जी. ए. होते, यात कोणाला संशय आला नाही. मळमड्डीच्या स्वयंपाकघरातही हेच. सासूबाई पुरणपोळी म्हणतात, हुबळीकडची सून होळिगे म्हणते, आणि सणाच्या दिवशी दोघींत खडाजंगी होते ती पोळी तुपाशी वाढायची की दुधाशी यावर.

स्वामींच्या आराधनेच्या सकाळी मठात बसलेला यजमान उजव्या तळहातावर पळीभर उदक घेऊन संकल्प सोडतो तेव्हा तो आपला पत्ता सांगतो. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचे दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मग गोत्र आणि नाव. मग पाणी ताम्हनात पडते. हाच पत्ता पुण्याच्या सदाशिव पेठेतला यजमानही सांगतो, कारण पुणेही गोदावरीच्या दक्षिणेलाच. वास्तविक धारवाडहून गोदावरी किती दूर. या गावच्या सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला तर बेडतीला मिळून पश्चिम समुद्राला जाते, आणि जिल्ह्याच्या उत्तरेची मलप्रभा कृष्णेतून पूर्व समुद्राला. तरी संकल्पाने धरलेले माप मोठ्या नदीचे आहे. येथे स्थळ अस्पष्ट नाही, ते नेमके आहे. देश आहे, तीर आहे, दिशा आहे. नाही ती फक्त हद्द.

द्वैतमतावर अद्वैत्यांनी जो आक्षेप घेतला तो मात्र सरहद्दीच्या इतिहासाला फार झोंबणारा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. ते म्हणतात, हा त्याच्याहून भिन्न हे कळायला तो आधी निराळा म्हणून कळला पाहिजे. आणि तो निराळा म्हणून कळायला हा आधी निराळा कळला पाहिजे. तेव्हा भेदाचे ज्ञान अन्योन्याश्रयाच्या दोषाने ग्रस्त आहे. तर्कात हा दोष असेल. इतिहासात तो नियमच आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा या मुलुखाच्या दप्तरात मराठीचा अंमल होता, आणि इंग्रजी राजवटीतही शाळा-कचेऱ्यांत तो पुष्कळ काळ टिकला. कुळकर्ण्यांची वतने, मामलेदारांची पत्रे, जमाखर्च, सारे मराठीत; कानडी बोलणाऱ्या मुलाने अक्षरओळख मराठीतून करून घ्यावी अशी रीत. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांनी कानडी शाळांसाठी झटावे, आणि रा. ह. देशपांड्यांनी १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापावा, याचे निमित्त मराठीचा तो अंमलच होता. पुढे आलूर व्यंकटरावांनी ‘कर्नाटक गतवैभव’ लिहून एका प्रांताला स्वत्वाची जाणीव दिली. आणि त्यांनीच टिळकांचे ‘गीतारहस्य’ कानडीत नेले. मराठीने कानडीला जागे केले, मग जाग्या झालेल्या कानडीने सीमेवरच्या मराठीला जागे केले. एकाचा अभिमान दुसऱ्याच्या अभिमानावर उभा, आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. बेळगावात आज मराठी माणसाची जी तक्रार आहे ती अक्षरशः सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या धारवाडी कानडी माणसाची तक्रार आहे, हे आम्ही मराठी लोकांनी मोठ्याने म्हणायला हवे. आपल्याकडे ते फारसे कोणी म्हणत नाही.

द्वैतमतातला आणखी एक भाग मी घेऊ इच्छीत नाही, तो तारतम्याचा. जीवांत उच्चनीच श्रेणी आहे आणि ती स्वभावसिद्ध आहे, हे मत देवतांच्या क्रमापुरते ज्याला मान्य असेल त्याने मानावे. भाषांना ते लावले की भेदाचा तंटा होतो. कोणती भाषा प्राचीन, कोणती अभिजात, कोणाचे शिलालेख आधीचे, या चर्चा विद्वत्तेच्या वाटतात, पण सीमेवर त्या श्रेणी लावण्याच्याच चर्चा असतात.

भेद जर स्वरूपात असेल, तर मग शीव म्हणजे काय? या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि ते मोक्षशास्त्रात दिलेले नाही, व्यवहारात दिलेले आहे. स्मृतींतील अठरा व्यवहारपदांत सीमाविवाद हे एक पद. ऋण, ठेव, वेतन यांच्या रांगेतले. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. आणि त्याच ग्रंथाच्या आधारे महाराष्ट्रातल्याही भाऊबंदांनी शतकानुशतके वाटण्या केल्या. मनुस्मृतीविषयी मला भक्ती नाही. १९२७ साली महाडला तिचे दहन झाले ते सकारण झाले. तरी तिच्या आठव्या अध्यायातले सीमेचे प्रकरण वाचण्यासारखे आहे. शिवेचा निर्णय ज्येष्ठात करावा, कारण तेव्हा गवत वाळून खुणा उघड्या पडतात. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावरी अशी झाडे लावावीत. आणि माणसे शिवेविषयी नेहमी चुकतात म्हणून जमिनीत दगड, हाडे, तूस, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, खडे, वाळू असल्या न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात. साक्षीदारांनी तांबडी वस्त्रे नेसून, माळा घालून, मस्तकावर माती घेऊन, आपापल्या पुण्याईची शपथ वाहून शीव सांगावी. शेजारच्या गावांचे साक्षीदार न मिळाले तर व्याध, पारधी, गुराखी, कोळी, मुळे खणणारे, साप धरणारे, सांडलेले दाणे वेचणारे यांना विचारावे. ज्यांची पोटे शिवेवर भरतात त्यांनाच शीव ठाऊक, हा त्यामागचा हिशोब. त्यांचे गोत्र वा बोली कोणी विचारीत नाही.

मराठी अमदानीतही शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला जे वजन होते ते याच हिशोबाने. गावकुसाबाहेर ज्याला ठेवले त्यालाच गावाची हद्द विचारायची, हा न्याय क्रूर खरा, पण साक्ष खोटी नसे. चोखोबांचा अंत मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर, ते कोसळून झाला असे परंपरा सांगते. जयतीर्थांच्या गावीच हे घडावे, आणि भेदाच्या सत्यतेचा प्रतिपादक व कुसाखाली चिरडला गेलेला भक्त एकाच गावच्या स्मरणात असावेत, याचा अर्थ लावण्याचा मोह मी आवरतो.

एवढे मात्र दिसते, की जुन्या शास्त्राने शिवेला चराईचा, सारावसुलीचा आणि पाण्याचा बोजा दिला होता. माणूस कोण हे ठरवण्याचा बोजा तिला दिला नव्हता. १९५६ नंतर आम्ही तो दिला, दोन्ही बाजूंनी दिला, आणि मग ती शीव व्यवहारात सुटेनाशी झाली. सर्वोच्च न्यायालयात पुरावा येईल तो जनगणनेचा, ठरावांचा आणि इतिहासाच्या पोथ्यांचा; मनूच्या यादीतले मुळे खणणारे तेथे कोणी बोलावणार नाही, आणि बोलावायचे म्हटले तरी ते आता सापडायचे नाहीत. त्यांच्या जागी आज कोणाला बसवावे असे मला विचारले, तर मी दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांच्या चालक-वाहकांची नावे देईन. कोल्हापूर-बेळगावचा रस्ता त्यांना दोन्ही भाषांत पाठ असतो, तंटा पेटला की पहिले काळे त्यांच्याच गाडीला फासले जाते, आणि दोन दिवसांनी गाडी धुऊन तीच फेरी तेच घेऊन निघतात.