भाषा कुणाच्या तोंडची?

नोव्हेंबर १९०१ मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ८ माणसं मारली गेली. कारण होतं एक भाषांतर. ‘अक्रोपोलिस’ या दैनिकाने मॅथ्यूचं शुभवर्तमान रोजच्या बोलण्यातल्या ग्रीकमध्ये क्रमशः छापलं होतं. धर्माची विटंबना झाली, राष्ट्राचा अपमान झाला, असं म्हणत विद्यापीठाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पंतप्रधान थिओतोकिस यांचं सरकार गेलं, अथेन्सच्या मुख्य धर्मगुरूंनाही पद सोडावं लागलं. ज्या भाषेत आईने आपल्याला जेवू घातलं, तिच्याविरुद्ध तरुण मुलं जिवावर उदार झाली होती. व्याकरणाचा वाद या टोकाला कसा जातो, हे पाहण्यासाठी ग्रीसइतकं बोलकं उदाहरण युरोपात दुसरं नाही.

मुळात हेतू वाईट नव्हता. १८२१ च्या उठावातून नवं राष्ट्र उभं राहत होतं आणि त्याला स्वतःची लेखनभाषा हवी होती. पॅरिसमध्ये राहणारे विद्वान अदामांतिओस कोराईस यांनी मधला मार्ग सुचवला: पाया बोलीचाच ठेवावा, पण तुर्की-इटालियन शब्द काढून आणि रूपं दुरुस्त करून ती प्राचीन ग्रीकच्या जवळ न्यावी. लोकांना शिकवून वर आणण्याची त्यांची तळमळ खरी होती. पण एकदा बोली म्हणजे बिघडलेली भाषा असं मानलं, की दुरुस्ती कुठे थांबवायची याला उत्तर उरत नाही. पुढच्या पिढ्या प्राचीन रूपांकडे अधिकाधिक सरकत गेल्या. या भाषेला ‘काथारेव्हुसा’, म्हणजे शुद्ध केलेली, असं नाव मिळालं. लोकांची ती ‘दिमोतिकी’.

फरक केवळ शब्दांचा नव्हता. घरात पाण्याला ‘नेरो’ म्हणायचं आणि कागदावर ‘इदोर’ लिहायचं, हे एक वेळ पाठ करता येतं. पण काथारेव्हुसाने कित्येक शतकांपूर्वी बोलण्यातून गेलेली चतुर्थी विभक्ती परत आणली, जुनी धातुसाधितं परत आणली. ही रूपं ऐकून येत नाहीत, शाळेत घोकावी लागतात. ज्याला शाळा लाभली नाही, त्याला न्यायालयातला निकाल, सरकारी हुकूम, स्वतःच्या जमिनीचा दस्तऐवजही दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागे. दिओनिसिओस सोलोमोस यांनी १८२३ मध्ये लोकभाषेत लिहिलेली कविता १८६५ मध्ये राष्ट्रगीत झाली. राज्याचा कारभार मात्र त्या भाषेत चालत नव्हता.

शुभवर्तमानाचे ते भाषांतरकार अलेक्झांड्रोस पाल्लिस. त्यांचा आपल्याशी एक धागा आहे. राली ब्रदर्स या ग्रीक व्यापारी पेढीच्या नोकरीत त्यांनी मुंबईत अनेक वर्षं काढली आणि मग ते लिव्हरपूलला गेले. होमरचं ‘इलियड’ही त्यांनी बोलभाषेत आणलं. लोकभाषेची बाजू मांडणारे काही ठळक लेखक असे देशाबाहेर राहणारे होते. ‘माझा प्रवास’ हे १८८८ चं खळबळजनक पुस्तक लिहिणारे यान्निस प्सिखारिसही पॅरिसचेच.

राज्याने मात्र दार घट्ट लावलं. १९११ च्या राज्यघटनेने कायद्याची भाषा तीच राष्ट्राची भाषा ठरवली आणि तिला ‘बिघडवण्यावर’ बंदी घातली. १९१७ मध्ये व्हेनिझेलोस सरकारने प्राथमिक शाळेत दिमोतिकी आणली. सत्ता पालटल्यावर १९२१ मध्ये सरकारी समितीने ती पाठ्यपुस्तकं जाळण्याची शिफारस केली. १९४१-४२ च्या सुमारास, जर्मनांच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये लोक उपासमारीने मरत असताना, विद्यापीठाने प्राध्यापक इओआनिस काक्रिदिस यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. त्यांचा गुन्हा? जे स्वर आणि श्वास कुणी उच्चारत नव्हतं, त्यांची चिन्हं त्यांनी छापील मजकुरातून गाळली होती. आपल्याकडे न उच्चारले जाणारे व्युत्पत्तीचे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी निघाले. तेव्हाही हळहळ झाली. पण त्या टिंबांच्या जाण्याने मराठी दरिद्री झाली नाही. ग्रीकमधली ती चिन्हं जायला १९८२ उजाडावं लागलं.

१९६७ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि दिमोतिकी खालच्या वर्गांपुरती उरवली. हुकूमशहांच्या घोषणा काथारेव्हुसात निघत राहिल्या आणि त्या भाषेची उरलीसुरली प्रतिष्ठा त्यांच्याबरोबर गेली. १९७४ मध्ये राजवट कोसळली. १९७६ मध्ये कारामान्लिस यांच्या सरकारने, शिक्षणमंत्री गेओर्गिओस रालिस असताना, दिमोतिकीला शिक्षणाची भाषा केलं. हे सरकार परंपरावादी पक्षाचं होतं, हे महत्त्वाचं. लोकभाषा ही एका पक्षाची मालमत्ता नाही, हे तेव्हा मान्य झालं.

यानंतर जे घडलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. प्सिखारिस यांना विद्वानांचे शब्दही लोकभाषेच्या नियमात कोंबायचे होते. ते लोकांनी मानलं नाही. काथारेव्हुसाचंही सगळं टाकलं नाही. बेकरीच्या पाटीवर आजही प्राचीन वळणाचा शब्द असतो. ‘ठीक आहे’ या अर्थी ग्रीक माणूस दिवसभर ‘एन्दाक्सी’ म्हणतो, आणि त्या शब्दात तीच गेलेली चतुर्थी जपलेली आहे. सक्तीने जी विभक्ती जगली नाही, ती गरजेने एका शब्दात जगली. लोकांना जुन्याचं वैर नसतं. निवड त्यांची असावी, एवढंच त्यांचं मागणं असतं.

म्हणून नियमांना माझा विरोध नाही. एका गावचं लिहिलेलं दुसऱ्या गावाला कळावं यासाठी प्रमाणभाषा लागते, आणि ती शाळेने मन लावून शिकवली पाहिजे. पण प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारायला हवेत: हा आजच्या बोलण्याचं निरीक्षण करून केला आहे का? आणि तो माणसाला लिहितं करतो, की गप्प करतो? मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, विदर्भातल्या मुलाचं पहिलं वाक्य ‘अशुद्ध’ म्हणून खोडताना शिक्षकाच्या मनात हे प्रश्न यावेत. त्याच्या घरचं व्याकरण हेही व्याकरणच आहे. प्रमाणरूप त्याच्या शेजारी ठेवून शिकवता येतं. ग्रीसने हे समजायला दीड शतक घालवलं आणि रक्तही सांडलं. आपल्याला ते शहाणपण वाचून मिळतं आहे, तर ते घ्यावं.