टांगा देतो, हाकणार नाही

रोझा पार्क्स यांचं आत्मकथन वाचताना आपण सहज त्यांच्या बाजूचे होतो. अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या बसमध्ये काळ्या माणसाने पैसे पुढे भरायचे आणि बसायचं मागे. १९५५ च्या डिसेंबरात ड्रायव्हरने सांगूनही त्यांनी जागा सोडायला नकार दिला, की आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. तो ड्रायव्हर आपला कुणी लागत नाही ना!

पंचाईत होते ती आपल्याच स्टेशनचं नाव पुस्तकात आलं की. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आठवणींच्या पुस्तकात चाळीसगाव आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. तिथल्या अस्पृश्य वस्तीतली माणसं स्टेशनवर हार घेऊन हजर. टांगेही होते. तरी तासभर कुणी हलेना. मग एक टांगा आला, आणि नदीवरच्या फरशीपाशी घोडा उधळला. बाबासाहेब दगडांवर आपटले, घोडा टांग्यासकट नदीत. त्यांचा पाय मोडला.

तो तास कशात गेला, हे त्यांना मागाहून कळलं. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याला पायी न्यायचं, हे वस्तीला बरं दिसेना. शेवटी तोडगा निघाला: टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा आणा. सराव नसलेल्या एकाने लगाम धरला. भाड्याला विटाळ नव्हता, घोड्यालाही नव्हता.

मला त्या नकारापेक्षा हा तोडगा जास्त बोचतो. नुसता नकार असता, तर बाबासाहेब दोनेक मैल चालत धडपणे पोचले असते. तोडग्यात टांगेवाल्याची अब्रू राहिली, धंदाही राहिला. यजमानांनी मानापेक्षा पाहुण्याच्या जिवाकडे बघायला हवं होतं, हेही बाबासाहेब नोंदवून ठेवतात.

अस्पृश्यता म्हणजे प्रत्यक्षात काय, हे परदेशी वाचकाला कळावं म्हणून त्यांनी हे लिहिलं. त्या वाचकाला चाळीसगाव नकाशात शोधावं लागेल. इथे कुणाचे तरी पणजोबा तेव्हा त्या स्टेशनबाहेर टांगा लावत असतील. घोड्याला जपणारे, पोरांना खाऊ नेणारे. आणि दोन्हीकडे समजूत घालून तो तोडगा जमवणारा जो कुणी शहाणा माणूस असेल, त्याला रात्री घरी गेल्यावर आपण मोठा पेच सोडवला असंच वाटलं असेल.