पहाटेचं पुण्यकर्म

गोल्फशी माझा संबंध एवढाच, की आमच्या एका मॅनेजरसाहेबांना त्याचा नाद होता आणि शनिवारी दुपारनंतर त्यांची सही मिळत नसे. त्यामुळे गवत सुधारावं म्हणून गोल्फच्या मैदानावरची झाडं तोडतात, हे ऐकल्यावर 'या लोकांना कामधंदा नाही' एवढंच मी म्हणालो.

पण गवताचीही बाजू आहे. भोकाभोवतीच्या हिरवळीवरचं गवत जेमतेम ३ मिलिमीटर राखतात. आठवडाभराच्या दाढीएवढं म्हणा ना! तेवढ्याशा पात्याने ऊन खाऊन पोट भरायचं. त्यात पूर्वेला झाड असलं की सकाळचं ऊन अडतं, दंव वाळत नाही, वारा खेळत नाही, बुरशी धरते. शिवाय जमिनीतलं पाणी झाडाची मुळं आधीच पिऊन मोकळी! म्हणजे झाड हा वरून आशीर्वाद देणारा आणि खालून खिसा कापणारा थोरला भाऊच.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओकमाँट नावाचा क्लब आहे. हेन्री फाउन्स नावाच्या पोलादवाल्याने १९०३ साली तो काढला, तेव्हा मैदान जवळजवळ बोडकंच होतं. पुढे १९६०च्या सुमाराला मंडळींना त्या बोडकेपणाची लाज वाटू लागली आणि हजारो झाडं लावली गेली. झाडं वाढली, गवत रडू लागलं. १९९०नंतर क्लबातल्या काही जाणत्यांनी ठरवलं, झाडं काढायची. पण सभासदांना विचारलं तर रणकंदन होणार! मग माणसं पहाटे अंधारात दिवे लावून यायची, झाड पाडायची, भुसा झाडून काढायची, वर हिरवळीचा तुकडा बसवायची. उजाडल्यावर सभासद येऊन खुशाल खेळायचे. पुढे बिंग फुटलं, भांडणं झाली, तरी २००७ची यू. एस. ओपन स्पर्धा भरेपर्यंत हजारो झाडं गेली होती. मैदानाचं मात्र सगळीकडे कौतुक झालं.

याउलट ऑगस्टाच्या क्लबात १९५६ साली खुद्द अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी आपला चेंडू अडवणारा एक पाइन तोडा म्हणून भर सभेत सांगितलं. क्लबच्या चेअरमननी सरळ सभाच बरखास्त केली! झाड राहिलं. ते गेलं २०१४ साली, हिमवादळाने मोडल्यावर. उघडपणे विचारलं की असं होतं.

मग ओकमाँटवाल्यांचं चुकलं काय? गवत खरंच सुधारलं. आमच्या बँकेतही रात्री बसून हिशेब जुळवतात. पण रात्री जुळलेल्या हिशेबाकडे ऑडिटर दुसऱ्यांदा बघतो. काम चोख असेल, तर दिवे लावून अंधारात कशाला?

हे मी विचारावं, हा विनोदच आहे. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. आवारातल्या जांभळाखाली लॉन काही केल्या जगेना. १९७५च्या कायद्याप्रमाणे अर्ज केला, फांद्या छाटायची रीतसर परवानगी काढली. कागद चोख! फक्त तळमजल्यावरच्या काकूंना सांगितलं नाही. ते झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. यजमान गेल्यापासून काकू संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत. त्या मुलीकडे नाशिकला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला मी माणसं बोलावली. 'उगाच म्हातारीच्या जिवाला त्रास नको,' असं बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला भीती वाटते.

महिन्याभराने काकू परतल्या. लॉन असं तरारलं होतं, की मी स्वतःच दिवसातून दोनदा बघायला जायचो. काकूंनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"गवत छान आलंय हो," त्या म्हणाल्या. "विचारलं असतंत तरी मी नाही म्हटलं नसतं."

मग खुर्ची उचलून आत न्यायला लागल्या. मी लगबगीने पुढे झालो.

"राहू द्या," म्हणाल्या. "हलकी आहे."