जिभेची साक्ष

एखाद्या कृतीची पारख करताना आपण प्रश्न त्या कृतीस विचारतो की तिच्या कर्त्याच्या नावास, हा विचार वरवर क्षुल्लक दिसला तरी तो न्यायबुद्धीच्या मुळाशी जाऊन भिडतो. नामांकित लेखकाचे पुस्तक उघडण्यापूर्वीच आपली मान अर्धी डोललेली असते. अनोळखी लेखकाकडे मात्र आपण पानोपानी जामीन मागतो. खाण्यापिण्याच्या व्यवहारात हा पक्षपात अधिकच उघडा पडतो. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ ही लहानशी बिअरभट्टी निघाली, व पुढे शहरात अशा आणखीही छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या. आता समजा, भोसरीतील एखाद्या गृहस्थापुढे अशाच एका भट्टीची, जिचे नावही त्याने पूर्वी ऐकलेले नाही अशा भट्टीची, हॉपच्या फुलांनी चांगली कडू केलेली बिअर आली. तिची परीक्षा त्याने कोणत्या प्रमाणाने करावी?

भोसरीच्या माणसास या प्रश्नाचे एक उत्तर ठाऊक असते. तेथील लहान कारखान्यात लेथवर उतरलेला जॉब तपासताना त्यास गेज लावतात. बसला तर पास, न बसला तर रिजेक्ट. गेजला वशिला कळत नाही. बिअरलाही असे एक माप आहे. हॉपमधील आम्ले उकळताना आपले रूप पालटतात व त्यांतूनच कडवटपणा उतरतो; या पालटलेल्या द्रव्याचे लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे अदमासे एक अंश कडवटपणा. परंतु या अंशांवरून निवाडा होत नाही. 60 अंशांची बिअर माल्टच्या गोडीने सौम्य लागू शकते व 40 अंशांची पातळ बिअर जिभेस टोचू शकते. शिवाय हॉपची उडून जाणारी सुगंधी तेले टिकावीत म्हणून काही फुले उकळी संपता संपता घालतात. त्या सुगंधाविषयी कडवटपणाचे माप काहीच बोलत नाही. अर्थात् अखेरची साक्ष जिभेचीच व नाकाची.

ही साक्ष विश्वसनीय असते काय? ह्यूम या तत्त्ववेत्त्याने 1757 साली अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात ‘डॉन किहोते’ मधील एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोघा नातलगांनी एका पिंपातील मद्य चाखले. एकास त्यात चामड्याची किंचित चव लागली, दुसऱ्यास लोखंडाची. लोक दोघांस हसले. पण पिंप रिते झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. जे खरोखर आहे तेच सांगणारी जीभ असू शकते, एवढे यावरून निश्चित होते. मात्र सर्वांच्या पिंपात किल्ली सापडत नाही. तेव्हा साक्षीदाराचा प्रामाणिकपणा हाच मुख्य आधार उरतो.

त्या प्रामाणिकपणाचे पहिले कलम असे की, जाणवलेले व ठरवलेले यांची गल्लत करू नये. कडू चव ही निसर्गाने विषाविरुद्ध ठेवलेली राखण आहे. म्हणून पहिल्या घोटास जीभ मागे सरते. ‘हे कडू आहे’ ही झाली साक्ष. ‘हे वाईट आहे’ हा झाला निकाल. गुढीपाडव्यास कडुनिंब चावणाऱ्या आणि कारल्यामेथीवर वाढलेल्या मराठी मनुष्यास हा भेद समजावयास नको. नावांवर तर येथेही विसंबता येत नाही: संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, त्याच कटूचे आमच्या भाषेत कडू झाले! दुसरे कलम याच्या उलट टोकाचे. ‘भट्टी लहान आहे, अनोळखी आहे, म्हणजे बिअर अस्सलच असणार’ ही समजूत आजकाल रसिकांत दिसते. तीही नावाचीच लाच होय. लहान कर्त्यावर दया करणे निराळे व त्यास न्याय देणे निराळे.

आता एक गंभीर आक्षेप. गांधीजींनी अस्वादास आश्रमाच्या व्रतांत स्थान दिले. मद्याची गणना 1988 पासून कर्करोगकारक द्रव्यांत होते. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले. मग पाळी संपवून बाटली उघडणाऱ्या कामगारास व्यसनी म्हणावयाचे व महागडा पेला नाकाशी धरणाऱ्यास रसिक म्हणावयाचे, हा कोठला न्याय? हा आक्षेप खरा आहे, आणि तो मान्यच केला पाहिजे. रसिकतेने पेल्यातील मद्यार्क थेंबभरही कमी होत नाही. जो मुळीच पीत नाही त्याच्याहून चाखणारा कोणत्याही अर्थाने श्रेष्ठ ठरत नाही.

तथापि जो चाखतोच, त्याची मर्यादा त्याच्या साक्षीदारपणातूनच निघते. जोवर लक्ष जागे आहे तोवरच चव कळते. नशा चढू लागली की जीभ फितूर होते आणि सर्वच बिअर उत्तम लागू लागते. तेथून पुढचा प्रत्येक घोट पारखीसाठी घेतला असे म्हणणे ही खोटी साक्ष होय, मग तो पेला कितीही उंची असो. अशा वेळी रसिकाने पेला खाली ठेवावा. आणि ज्यास तो ठेववत नाही, त्याने निदान भोसरीच्या कामगारास नावे ठेवू नयेत.